युद्ध, जागतिक बाजार आणि आपलं एक मत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेरुळच्या आमच्या वाचनगटात महिन्यातून एकदा जगाच्या राजकारणावर गप्पा होतात. येणाऱ्यांत निवृत्त शिक्षक असतात, वाशी मार्केटमधले व्यापारी, जहाजावर नोकरी करणाऱ्यांचे आईवडील आणि परीक्षा नसेल तर कॉलेजची मुलं. माझी नोकरी न्हावा शेवा बंदरात मालाच्या क्लिअरिंगच्या कामात गेली. त्यामुळे उदाहरण देताना मध्येच कंटेनर येतो, तेवढं सांभाळून घ्या. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे मांडले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत.

लढाई तांबड्या समुद्रात. तिचा आमच्या लोकशाहीशी काय संबंध?

नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रातल्या व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केले. सुएझ कालव्याची वाट सोडून जहाजं आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून युरोपला जाऊ लागली. प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला. न्हावा शेव्यातून माल पाठवणाऱ्याच्या बिलात भाडं वाढलं, विम्यात युद्धजोखमीचा हप्ता वाढला, आणि जहाजं वेळेवर परतेनात म्हणून रिकाम्या कंटेनरची ओढाताण सुरू झाली. त्याआधी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा सूर्यफुलाच्या तेलाचा भाव कुठे गेला होता हे वाशीच्या कुठल्याही किराणा दुकानदाराला विचारा. आपल्याकडे ते तेल प्रामुख्याने युक्रेन आणि रशियातूनच यायचं.

आता हा खर्च तुमच्या घरात आला, तर जाब कोणाला विचारणार? नगरसेवक हात वर करतो, आमदार दिल्लीकडे बोट दाखवतो, दिल्ली म्हणते जगभर हेच चाललंय. आणि गंमत म्हणजे तिघंही खोटं बोलत नसतात.

लोकशाहीचा माझ्या लेखी हिशेब साधा आहे. माझ्या जगण्यावर परिणाम करणारा निर्णय ज्याने घेतला त्याला मला विचारता आलं पाहिजे, आणि उत्तर पटलं नाही तर पुढच्या वेळी घरी बसवता आलं पाहिजे. हा हिशेब जागतिक बाजारही बिघडवतो आणि युद्धही, पण तऱ्हा वेगळ्या. बाजार निर्णय लांब नेतो. युद्ध निर्णय इथेच ठेवतं, पण दार लावून घेतं. पुढची बहुतेक उत्तरं या दोन गोष्टींभोवतीच फिरतात.

नवी मुंबई तर जागतिकीकरणानेच मोठी केली. मग तक्रार कसली?

मोठी केली, मान्य. माझं घरही त्यावरच चाललं. जेएनपीटी, म्हणजेच न्हावा शेवा बंदर, १९८९ मध्ये सुरू झालं. आज तिथली टर्मिनलं चालवणाऱ्यांत दुबई, सिंगापूर, डेन्मार्क अशा ठिकाणच्या कंपन्या आहेत. ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यात जिथे कारखान्यांचे भोंगे वाजायचे तिथे आता डेटा सेंटरं आहेत. पोरांना नोकऱ्या लागल्या.

पण हे शहर मोकळ्या माळावर उभं राहिलेलं नाही. १९७० मध्ये हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ, सिडको, स्थापन झालं आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांची जमीन संपादनात आली. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण गेले. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं तत्त्व आलं. आगरी-कोळी गावांना जे मिळालं ते कोणी दयाबुद्धीने दिलेलं नाही. मतं होती, मोर्चे होते, विधिमंडळात बोलणारा माणूस होता, म्हणून मिळालं. जून २०२१ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बां.चं नाव द्या म्हणून बेलापूरच्या सिडको भवनावर हजारो लोक गेले. काही मंडळींना तो नुसता भावनेचा प्रश्न वाटला. मला नाही वाटला. ज्यांच्या जमिनीवर हे उभं राहिलं त्यांना पाटीवर तरी जागा हवी होती.

दुसरं उदाहरण बाजूच्याच पेण तालुक्यातलं. २००५ च्या सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राच्या, कायद्यानंतर रायगडात रिलायन्सचा महामुंबई सेझ येणार होता. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातली गावं अडून बसली: धरणाचं पाणी आम्हाला देणार होतात ना, मग जमीन कशी मागता? शेवटी २१ सप्टेंबर २००८ रोजी २२ गावांत चक्क मतदान घेतलं गेलं. प्रश्न एकच, जमीन द्यायची की नाही. सेझसाठी सरकारने शेतकऱ्यांचा असा कौल घेण्याचा तो देशातला पहिलाच प्रसंग. निकाल काही वाजतगाजत जाहीर झाला नाही, पण गावागावांत तो सगळ्यांना ठाऊक होता: नको. पुढे भूसंपादनाची मुदत टळली आणि प्रकल्प बारगळला.

सेझ चांगला होता की वाईट यावर आमच्या गटात आजही दोन तट आहेत. ‘तो झाला असता तर पोरांना पुण्याला जावं लागलं नसतं’, असं म्हणणारेही आहेत. पण कौल घ्यावा की नाही यावर मात्र कोणी भांडत नाही.

सरकार कुठलंही आणा, आर्थिक धोरण तेच राहतं. मग मत देऊन उपयोग काय?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि तो वैतागलेला माणूस विचारतो, त्यामुळे उडवून लावता येत नाही.

आपल्याच घरचा किस्सा बघा. दाभोळचा एन्रॉन प्रकल्प. १९९२ मध्ये सामंजस्य करार झाला, पुढच्या वर्षी वीजखरेदीचा. १९९५ च्या विधानसभा निवडणुकीत शिवसेना-भाजप युतीने एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा केली. लोकांनी सरकार बदललं. ऑगस्टमध्ये करार रद्दही झाला. आणि मग? कंपनी लवादात गेली, वाटाघाटी झाल्या, आणि प्रकल्प आणखी मोठा होऊन परत आला. राज्याने पैसे थकवले तर केंद्र भरेल, या प्रतिहमीला मंजुरी मिळाली ती मे १९९६ मध्ये, अवघ्या तेरा दिवसांच्या सरकारकडून. २००१ मध्ये वीज परवडेना म्हणून वीज मंडळाने ती घेणं थांबवलं, आणि त्याच डिसेंबरात तिकडे अमेरिकेत एन्रॉन कंपनीच दिवाळखोरीत गेली. मतदाराने आपलं काम चोख केलं होतं. घोडं पेंड खात होतं ते करारातल्या कलमांपाशी, आणि ती कलमं मतदाराला कोणी दाखवलीच नव्हती.

ग्रीसमध्ये हेच एका आठवड्यात घडलं. ५ जुलै २०१५ ला ६१ टक्के लोकांनी कर्जदारांच्या अटींना सार्वमतात नकार दिला. १३ जुलैला त्याच सरकारने जवळपास तशाच, काही बाबतींत जास्त कडक अटी मान्य केल्या. बँका बंद होत्या, एटीएममधून दिवसाला साठ युरो मिळत होते. दुसरं काय करणार होते, हा प्रश्न खराच आहे. पण कर्ज एवढं होईपर्यंत आकडे लपवले गेले होते, ते वेळेत संसदेत आले असते तर कदाचित ती वेळच आली नसती.

१९९१ मध्ये आपणही सोनं गहाण ठेवलं होतं. जुलैच्या त्या उदारीकरणाच्या निर्णयांचा आधीच्या निवडणुकीत कोणी उच्चारही केला नव्हता, आणि सरकार अल्पमतातलं होतं. तरी ते निर्णय टिकले, कारण पुढच्या पाच-सात वर्षांत संसदेत त्यावर अखंड भांडण झालं आणि विरोधक सत्तेवर आल्यावर त्यांनाही ते उलटवावेसे वाटले नाहीत. ही मागाहून मिळालेली संमती. पुरेशी नाही, पण अगदीच शून्यही नाही.

म्हणून मत द्यायचं ते धोरण उलटेल या आशेने नव्हे. करार होण्याआधी कागद सभागृहात आला पाहिजे हे ज्याला समजतं असा माणूस तिथे असावा म्हणून द्यायचं.

म्हणजे परदेशी करार करूच नयेत?

करावेत. फक्त त्यात आपण काय सोडून देतोय ते आधी कळावं. व्होडाफोनवरच्या कराचं प्रकरण आठवा. सर्वोच्च न्यायालयात हरल्यावर सरकारने २०१२ मध्ये पूर्वलक्षी, म्हणजे जुन्या व्यवहारांवर मागाहून, कर लावणारी दुरुस्ती संसदेत मंजूर केली. कंपनी नेदरलँड्सबरोबरच्या जुन्या गुंतवणूक कराराच्या आधारे हेगला गेली, २०२० मध्ये निकाल भारताच्या विरोधात लागला आणि २०२१ मध्ये संसदेने ती तरतूद मागे घेतली. पूर्वलक्षी कर मलाही चुकीचाच वाटतो. तरीही निवडून आलेल्या संसदेच्या कायद्याला तीन जणांचा लवाद नाही म्हणू शकतो, ही गोष्ट करारावर सही करताना किती खासदारांना माहीत होती?

अमेरिकेच्या टॅरिफमुळे तळोज्यात काम कमी झालं. आम्ही कोणाकडे जायचं?

तळोजा एमआयडीसीत मासळीवर प्रक्रिया करणारे कारखाने आहेत. थंडगार हॉलमध्ये, गमबूट आणि हातमोजे घालून बायका पाळीपाळीने कोळंबी सोलतात. माल अमेरिकेला जातो. २७ ऑगस्ट २०२५ ला अमेरिकेने बहुतेक भारतीय मालावरचा आयात कर ५० टक्क्यांवर नेला होता. त्यातला निम्मा रशियन तेल घेतल्याबद्दलचा दंड. म्हणजे युक्रेनमध्ये युद्ध, तेल रिफायनरीला, दंड वॉशिंग्टनला ठरला आणि कामाची पाळी बुडाली तळोज्यात. ज्यांनी कर लावला त्यांना तिथल्या कामगार बाईचं मत लागत नाही. तोही १९७७ च्या एका आणीबाणीच्या कायद्याचा आधार घेऊन, म्हणजे त्यांच्याच काँग्रेसमध्ये मतदान न होता.

तिला विचारता येईल असं फक्त इथलं सरकार. तिने विचारायचा प्रश्न असा: ऑर्डर तुटल्यावर माझ्या रोजाची सोय काय? याचं उत्तर जागतिक नाही. १९६९ चा माथाडी कायदा आठवा. मशीद बंदरच्या हमालांना कुठल्या मालकाने कायम कामगार मानलं नव्हतं. अण्णासाहेब पाटलांनी संघटना बांधली, विधिमंडळाने कायदा केला, आणि ज्यांचा मालक रोज बदलतो त्यांनाही भविष्य निर्वाह निधी मिळू लागला. गोदामातल्या आणि ॲपवरच्या पोरांसाठी असं काही करायचं म्हटलं तर नमुना वाशीच्या मार्केटमध्येच आहे.

युद्धाच्या वेळी खंबीर नेता लागतो. तेव्हा चर्चा कसली करता?

१९६२ मध्ये चीनचं सैन्य पुढे सरकत असताना संसदेचं अधिवेशन ठरल्यापेक्षा आधी, ८ नोव्हेंबरला बोलावलं गेलं. विरोधकांनी मागणी केली आणि नेहरूंनी ती मान्य केली. दीडशेहून अधिक खासदार बोलले, सरकारला नको नको ते ऐकवलं गेलं. संरक्षण खातं आधीच गमावलेल्या कृष्ण मेनन यांना अधिवेशनाच्या तोंडावर मंत्रिमंडळातूनही जावं लागलं आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, म्हणजे यशवंतराव दिल्लीला गेले. हे आपल्याला अभिमानाने आठवतं. पण ते घडलं कशामुळे? युद्ध चालू असताना खासदारांनी, अगदी स्वपक्षाच्याही, मंत्र्याला धारेवर धरलं म्हणून.

ब्रिटनमध्ये मे १९४० मध्ये तेच झालं. नॉर्वेच्या मोहिमेचा बोजवारा उडाल्यावर संसदेत दोन दिवस वाद झाला, चेंबरलेन गेले, चर्चिल आले. चर्चाच झाली नसती तर खंबीर नेता मिळालाच नसता. आणि १९४५ मध्ये, विजयाचा गुलाल अजून अंगावर असताना, त्याच चर्चिलना लोकांनी घरी पाठवलं.

युद्ध चालू असताना निवडणुका घ्यायच्याच का?

नेहमी शक्य नसतं. युक्रेनमध्ये फेब्रुवारी २०२२ पासून लष्करी कायदा आहे आणि त्यांच्या कायद्याप्रमाणे त्या काळात निवडणूक होत नाही. मार्च २०२४ ची अध्यक्षीय निवडणूक झाली नाही. देशाचा मोठा तुकडा शत्रूच्या ताब्यात, लाखो लोक परदेशी, अशात मतदान कसं घेणार हे समजण्यासारखं आहे. ब्रिटनमध्येही १९३५ नंतर थेट १९४५ लाच मतदान झालं. उलट अमेरिकेने १८६४ मध्ये यादवी युद्धाच्या ऐन भरात निवडणूक घेतली.

मी दोन गोष्टी बघतो. मुदत कोण वाढवतंय, आणि कधीपर्यंत? ब्रिटनमध्ये संसद दर वर्षी नव्याने कायदा करून मुदत वाढवत होती. दर वर्षी कारण सांगावं लागत होतं. याच्या उलट, आपल्याकडे १९६२ ची आणीबाणी, युद्ध महिन्याभरात थांबलं तरी, जानेवारी १९६८ पर्यंत उठली नाही. १९६७ ची सार्वत्रिक निवडणूक आणीबाणी लागू असतानाच झाली, हे सांगितलं की आमच्या गटातल्या जुन्या मंडळींनाही खरं वाटत नाही. १९७१ च्या युद्धासाठी लावलेली आणीबाणी तर १९७७ पर्यंत राहिली, तिच्यावर १९७५ ची दुसरी चढली आणि लोकसभेची मुदतही वाढवून घेतली गेली. आणीबाणी म्हटलं की आपण फक्त १९७५ ची सांगतो. खरं तर युद्धाचं निमित्त संपल्यावरही अधिकार परत न करण्याची सवय त्याआधीच लागली होती.

तशी आणीबाणी पुन्हा लागू शकते?

तशीच्या तशी अवघड आहे. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण काढून ‘सशस्त्र बंड’ घातलं, मंत्रिमंडळाची लेखी शिफारस सक्तीची केली आणि जगण्याचा हक्क स्थगित करता येणार नाही असं ठरवलं. पण सगळं घोषणा करूनच करावं लागतं असं थोडंच आहे?

मे २०२५ मध्ये टीव्हीवर कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं ऐकलं होतं. नंतर काही बोलणंच नाही?

कारण तसं घडलंच नव्हतं. ७ मे रोजी उरण, ठाणे धरून देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली. आमच्या सोसायटीत लोकांनी निमूटपणे दिवे मालवले, कोणी कुरकुर केली नाही. म्हणजे लोक जबाबदार होते. त्यानंतरच्या रात्री वाहिन्यांनी वाट्टेल त्या बातम्या चालवल्या. त्याच दिवसांत आठ हजारांहून अधिक खाती भारतात बंद करण्याचे आदेश आल्याचं एक्स (पूर्वीचं ट्विटर) कंपनीने सांगितलं. बहुतेक बाबतींत कुठल्या मजकुरामुळे हे कळवलं गेलं नाही, असंही तिचं म्हणणं होतं.

सैन्याच्या हालचाली गुप्त ठेवायलाच हव्यात, यात वाद नाही. पण खोटी बातमी देणारा मोकळा आणि प्रश्न विचारणारा बंद, असं झालं तर लोक व्हॉट्सॲपवर विश्वास ठेवतात. मग दोष कोणाला देणार?

लोकशाही देश आपापसांत लढत नाहीत, हे खरं का?

बऱ्याच अंशी. पण १९९९ मध्ये कारगिल झालं तेव्हा पाकिस्तानातही निवडून आलेलंच सरकार होतं. नुसतं निवडून येणं पुरत नाही, लष्कर त्या सरकारचं ऐकतं का हे बघावं लागतं.

जागतिक संस्थांमध्येच लोकशाही का आणत नाहीत?

ज्यांच्या हातात दोरी आहे ते सोडत नाहीत म्हणून. सुरक्षा परिषदेत पाच जणांना नकाराधिकार. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत मोठ्या निर्णयाला ८५ टक्के मतं लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे साधारण साडेसोळा टक्के आहेत. भारताकडे अडीचच्या थोडी वर. पुढचं तुम्हीच मांडा.

परदेशी संस्था भारताला ‘निवडणुकीपुरती हुकूमशाही’ म्हणतात. ते मानायचं का?

स्वीडनमधली व्ही-डेम ही संस्था २०२१ च्या अहवालापासून तसं म्हणते आणि भारत सरकारने हे वर्गीकरण फेटाळलं आहे. याच संस्थेच्या २०२५ च्या अहवालात जगात ९१ हुकूमशाह्या आणि ८८ लोकशाह्या आहेत. तज्ज्ञांच्या मतांवर काढलेले आकडे आहेत, त्यांवर वाद होणारच. मला या यादीपेक्षा घराजवळची एक तारीख जास्त बोलकी वाटते. ती शेवटच्या प्रश्नात.

मुलगा मर्चंट नेव्हीत आहे. त्याला जहाजावरून मत देता येतं का?

नाही. टपाली मताची सोय सैन्यदलं, परदेशी नेमलेले सरकारी कर्मचारी अशा काहींनाच आहे. व्यापारी जहाजावरच्या खलाशाला नाही. अनिवासी मतदारालाही केंद्रावर स्वतः हजर राहावं लागतं. तांबड्या समुद्रात क्षेपणास्त्रांच्या माऱ्यातून जाणाऱ्या, नेरुळ-सीवूड्सच्या मुलाला देशाच्या परराष्ट्र धोरणावर मत देता येत नाही, याहून उलटी गोष्ट मला तरी सुचत नाही.

काही आशादायक सांगाल का?

३ डिसेंबर २०२४ च्या रात्री दक्षिण कोरियाच्या अध्यक्षांनी उत्तर कोरियाधार्जिण्या शक्तींचं कारण देत मार्शल लॉ पुकारला. रात्रीच लोक संसदेबाहेर जमले, काही खासदार कुंपणावरून उड्या मारून आत गेले आणि हजर असलेल्या १९० जणांनी एकमताने तो रद्द ठरवला. सकाळ व्हायच्या आत तो मागे घ्यावा लागला. एप्रिलमध्ये न्यायालयाने अध्यक्षांना पदावरून काढलं. निर्यातीवर जगणारा आणि शेजारी अणुबॉम्ब असलेला देश आहे तो. बाजार आणि युद्ध दोन्ही उशाशी घेऊन झोपणारा.

हे सगळं जगाचं झालं. आपल्याकडे काय?

नवी मुंबई महापालिकेची निवडणूक एप्रिल २०१५ ला झाली. मुदत मे २०२० ला संपली. घटनेचं कलम २४३-यू सांगतं की मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. पुढची निवडणूक झाली १५ जानेवारी २०२६ ला. ठाण्याचं सभागृह मार्च २०२२ पासून रिकामं होतं. आधी कोविड, मग ओबीसी आरक्षण, मग प्रभागरचना, मग न्यायालयातल्या तारखा. कारण दर वेळी खरं होतं, आणि दर वेळी नवं होतं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं तेव्हा कुठे चक्र हललं. मधल्या काळात हजारो कोटींची अंदाजपत्रकं प्रशासकांच्या सहीने मंजूर झाली. प्रशासक चांगले की वाईट हा मुद्दाच नाही, काहींनी उत्तम काम केलं. त्यांना बदलायचं तर मंत्रालयात जावं लागतं, मतदान केंद्रावर जाऊन ते होत नाही.

यात ना नाणेनिधी होता, ना कुठलं युद्ध. आपलं आपणच केलं. आणि खरं सांगायचं तर, आपण फारसे बोललोही नाही.

आता १११ नगरसेवक आले आहेत. पण प्रभाग चार नगरसेवकांचा झाला आहे. पूर्वी गटार तुंबलं तर एकाला फोन करायचा. आता चौघांना करा, प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव सांगेल.

२००९ मध्ये कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आली. गावात ग्रामसभा, तशी शहरात मतदारांची सभा, नगरसेवकाने बोलवायची. मी अजून एकही पाहिलेली नाही. आमच्या गटाने चारही नगरसेवकांना पत्र द्यायचं ठरवलं आहे: क्षेत्रसभा कधी? पत्रात ‘आपले कृपाभिलाषी’ लिहायचं नाही, यावर मात्र अर्धा तास वाद झाला. उत्तर नाही आलं तर माहितीचा अधिकार आहे. अर्ज साध्या कागदावर, एकाच विषयावर, दीडशे शब्दांच्या आत, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. पोच घ्यायला विसरू नका.